वाटी, स्टीलची, एक, पोच्यासह

माप काठापर्यंत भरावे व वरून सपाट करावे. शीग लावलेले माप ग्राह्य धरले जाणार नाही.
(नियमपुस्तिका, पान चौदा.)

*

दोन वाट्या मैदा. एक वाटी साखर. लोणी दिसेल तेवढं. दूध लागेल तसं. भाजून झालं की कळतं.
(विजेच्या बिलामागे, पेन्सिलीने.)

*

माझी आई दुकानदारांना रागावते. ती खूप हुशार आहे. माझी आजी केक करते. तेव्हा मी ओट्याखाली बसते. माझे बाबा पण आहेत.
(इयत्ता पहिली. विषय : माझं घर. बाईंचा शेरा : छान.)

*

मस्त झालाय. खरंच.
(नवरा. केक अजून ओव्हनमध्ये होता.)

*

जप्त माल क्र. ३१. वाटी, स्टीलची, एक, पोच्यासह. शिक्का नाही. मालक : अज्ञात.

*

हे सगळं एकाच घरातलं आहे. म्हणजे शेवटचं ऑफिसातलं, पण ते घरातूनच तिथे गेलं.

घरात चार माणसं. त्यातली आई वजनमापे खात्यात निरीक्षक. बारा वर्षं ती दुकानांच्या पायऱ्या चढते, तराजू तपासते, मापांच्या बुडाशी चिकटवलेली मेणाची गोळी नखाने खरवडून काढते आणि दुकानदाराकडे अशी बघते की तो आपणहून पावतीवर सही करतो. बाजारात तिला निरीक्षकबाई म्हणतात. घरातही तेच म्हणावं लागतं, कारण घरात शिरल्यावरही ती काही निराळी होत नाही. दुधाची पिशवी वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय फ्रिजमध्ये जात नाही. मुलीच्या तापाची नोंद दशांशासकट असते.

मुलीला सगळे गोटी म्हणतात. येत्या रविवारी ती सात वर्षांची होणार होती.

गोटीला सांभाळलं आजीने. निरीक्षकबाई सकाळी नऊला बाहेर पडायच्या, साडेसहाला यायच्या, आणि मधल्या साडेनऊ तासांत गोटीला दात आले, बोलता आलं, शिंकताना तोंडावर हात धरता आला. हे सगळं निरीक्षकबाईंना संध्याकाळी, तोंडी अहवालाच्या स्वरूपात कळायचं. अहवाल देणाऱ्या सासूबाई काही वाईट नव्हत्या. फक्त देताना त्यांचा आवाज असा असायचा, की नाटक संपल्यावर कोणी तुम्हाला गोष्ट सांगतंय.

आणि दर शनिवारी सासूबाई केक करायच्या. साधा, वर काही न लावलेला, तपकिरी. शनिवारी निरीक्षकबाईंना अर्धा दिवस काम असायचं. त्या घरी पोचायच्या तेव्हा केक टेबलावर निवत असायचा आणि गोटीच्या नाकाला, भुवईला, एकदा तर कानामागेही पीठ वाळलेलं असायचं.

"कसा झालाय केक?" निरीक्षकबाई विचारायच्या.

"मस्त," गोटी म्हणायची. "आजीचा केक म्हणजे आजीचाच."

गेल्या वाढदिवसाला निरीक्षकबाईंनी रजा काढून स्वतः केक केला होता. गोटीने एक घास घेतला, आणि दहा मुलं, सहा आया, दोन शेजारी यांच्यासमोर म्हणाली, "आईचा केक ऑफिससारखा लागतो."

सगळे हसले. नवरा जरा जास्तच.

त्या दिवसापासून निरीक्षकबाईंना जगात एकच गोष्ट हवी होती. बढती नको, बदली नको. गोटीने त्यांच्या हातचं काहीतरी खाऊन एकदा "अजून दे" म्हणावं.

*

"या वर्षीचा केकही मीच करणार," त्यांनी तीन आठवडे आधी जाहीर केलं.

"कर की," सासूबाई म्हणाल्या.

"नको" म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

पहिला केक मध्ये बसला. दुसरा मध्ये बसला आणि कडेने तूप सुटल्यासारखा चमकला. तिसऱ्याला सुरी घातली तर ती तेलकट होऊन बाहेर आली. चौथा बाहेर काढताना तुटला, तेव्हा सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "चव चांगली असेल. चमच्याने खाऊ."

"तुम्ही सांगितलं तसंच केलंय, आई. दोन वाट्या मैदा, एक वाटी साखर. तुमच्याच वाटीने."

"मग येईल की."

"कधी येईल?"

"हात बसला की."

हात बसणं ही गोष्ट निरीक्षकबाईंच्या नियमपुस्तिकेत नव्हती. त्यांचा अनुभव असा, की माल कमी भरला तर दोष मापात असतो. बारा वर्षांत हा नियम एकदाही चुकला नव्हता. म्हणून त्यांनी संशयिताकडे नीट पाहिलं. स्टीलची वाटी. बुडाला खरवडे. एका अंगाला, काठाखाली बोटभर, अंगठा मावेल एवढा पोचा. पोचा म्हणजे आत गेलेला पत्रा, आत गेलेला पत्रा म्हणजे कमी झालेली जागा. एखाद्या किराणावाल्याकडे असं माप सापडलं असतं तर त्याचं दुकान दुपारपर्यंत उघडं राहिलं नसतं. आणि हे माप त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, मुलीच्या तोंडी जाणाऱ्या मालासाठी, खुशाल वापरात होतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी वाटी डब्याच्या पिशवीत टाकली आणि ऑफिसला नेली.

*

खात्यात तपासणीचं टेबल आहे. त्यावर काचेच्या नळ्या, पितळी वजनं, एक काटा, जो कागदावर सही केली तर सहीचं वजन सांगतो. निरीक्षकबाईंनी वाटीत पाणी भरलं. काठोकाठ : एकशे शेहेचाळीस मिलिलिटर. पोचा नसता तर दीडशे. म्हणजे सासूबाईंची वाटी वाटीमागे चार मिलिलिटर खोटं बोलत होती.

आकडा हातात आला की माणसाला बरं वाटतं. त्यांनी तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि तेवढ्यात फोन आला : पेट्रोलपंपावर तक्रार आहे, लगेच या. वाटी टेबलावर राहिली.

त्या चार वाजता परतल्या तेव्हा वाटीला सुतळी बांधलेली होती. सुतळीला शिशाचा गोळा, गोळ्यावर शिक्का, शिक्क्याखाली चिठ्ठी. शेजारी कारकून उभा होता. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिलेला, इस्त्रीचा शर्ट, चष्म्याला दोरी. चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान.

"हे काय आहे?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"जप्त केलं, मॅडम. टेबलावर बेवारस माप होतं. शिक्का नाही, वर पोचा. अगदी उघड उघड लबाडी."

"ती माझी वाटी आहे."

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मॅडम, तुमची असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं. मी ऐकलं नाही असं समजतो."

"सुतळी सोडा."

"नोंदवहीत चढलंय. एकतीस नंबर. शिक्क्याचाही नंबर पडलाय."

"मग नोंद खोडा."

कारकुनाने फक्त भिंतीकडे बघितलं. भिंतीवर परिपत्रक होतं : नोंदवहीत कोणत्याही कारणास्तव खाडाखोड करू नये, करणाऱ्यावर कारवाई होईल. खाली निरीक्षकबाईंची सही. सही ठसठशीत होती.

"सोडवायचं कसं मग?"

"तुम्हीच ठरवलेली पद्धत आहे, मॅडम. मालकाने समक्ष यायचं, जबाब द्यायचा, की माप धंद्यासाठी वापरत नाही. मालक कोण?"

निरीक्षकबाईंनी खुर्चीची पाठ धरली.

"सासूबाई," त्या म्हणाल्या.

"अरे बापरे," कारकून म्हणाला. एवढीच सहानुभूती त्याने बारा वर्षांत दाखवली होती.

*

"माझी वाटी दिसत नाही," संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या. सगळे डबे खाली काढून झाले होते.

"ऑफिसात आहे."

"तिला नोकरी लागली?"

"जप्त झालीय, आई."

"कोणी केली?"

"मी... म्हणजे खात्याने."

"अच्छा. सून म्हणून नाही, खातं म्हणून." सासूबाई डबे परत वर ठेवू लागल्या. "गुन्हा काय तिचा?"

"पोचा आहे तिला."

"तो तर मलाही आहे. मला कधी नेतेस?"

"उद्या," निरीक्षकबाई म्हणाल्या. "जबाबाला."

इथे नवरा पेपरातून वर आला. "मी काय म्हणतो, रविवारचा केक बेकरीतूनच आणूया का?"

दोघी एकाच वेळी त्याच्याकडे वळल्या. त्या घरात त्या दोघींचं असं एकमत आधी झालेलं नव्हतं. नवरा पुन्हा पेपरात गेला.

*

शुक्रवारी सासूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. टेबलाच्या अलीकडे त्या, पलीकडे कारकून, आणि बाजूच्या खुर्चीवर साक्षीला, नियमाप्रमाणे, निरीक्षकबाई. मध्ये वाटी, सुतळीत.

"आजी, पाणी घ्या. पंखा वाढवू का?"

"राहू दे. विचारा तुम्ही. किती छान बोलतात हे," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "घरी कोणी पंख्याचं विचारत नाही."

पहिले दोन प्रश्न नावाचे आणि पत्त्याचे. पुढचा जबाब नोंदवहीत आहे तसा :

प्रश्न ३. सदर माप तुमचे आहे का?
उत्तर. माप नाही. वाटी आहे.

प्रश्न ४. तुम्ही त्याने काही विकता का?
उत्तर. विकायला काढलं असतं तर कोणीतरी किंमत केली असती.

प्रश्न ५. मग वापर कशासाठी?
उत्तर. नातीच्या केकसाठी.

प्रश्न ६. वाटी सपाट भरता की शीग लावून?
उत्तर. साखर सपाट. मैद्याला शीग. चांगली उंच, आता सांडते की मग सांडते अशी. मी माणसांसाठी करते, मुंग्यांसाठी नाही.

इथे साक्षीदार खुर्चीवरून उठल्या. हे नोंदवहीत नाही.

"तुम्ही मला दोन वाट्या एवढंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"दोन वाट्याच की. तू कशा भरल्यास?"

"काठापर्यंत. वरून सुरीने सपाट करून."

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. हसू येत होतं की खरंच वाईट वाटलं, कळलं नाही. "सुरीने? अगं, काठापर्यंत परक्याला भरून देतात. आपल्या पोरीला कोणी सुरी फिरवून देतं का?"

"शीग नियमात बसत नाही."

"म्हणून केक खाली बसतो."

"हे लिहू का?" कारकुनाने विचारलं.

"नको," दोघी म्हणाल्या.

प्रश्न ७. लोणी किती?
उत्तर. पोच्यापर्यंत. वाटीत लोणी दाबायचं, आतून पोचा लागला की थांबायचं. नाहीतर तो पोचा आहे कशाला?

प्रश्न ८. दूध?
उत्तर. पीठ चमच्यावरून पडताना थांबून थांबून पडलं पाहिजे. आमच्या ह्यांचे मोठे भाऊ बोलायचे तसं. धो धो पडलं तर दूध जास्त झालं. पडलंच नाही तर कमी.

प्रश्न १०. हा जबाब कोणाच्या दबावाखाली दिला आहे का?
उत्तर. सुनेच्या ऑफिसात, सुनेच्या पंख्याखाली बसले आहे. नाही.

सही झाली. सुतळी कापली गेली. कारकुनाने जबाबाच्या तीन प्रती काढल्या : एक दप्तराला, एक मालकाला, आणि एक घडी घालून स्वतःच्या खिशात. विचारल्यावर म्हणाला, "आमच्या हिचाही मध्ये बसतो."

बाहेर रिक्षाची वाट बघताना निरीक्षकबाई म्हणाल्या, "आई, हे सगळं मला आधीच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? तू 'किती', ते विचारलंस. 'कसं', ते त्यांनी विचारलं."

*

मग रविवारी काय झालं ते सरळ सांगता येतं.

सकाळी आठला निरीक्षकबाईंनी ओट्यावर जबाबाची प्रत टेकवून ठेवली. मैदा घेताना सुरी हातात आलीच होती, सवयीने. ती त्यांनी परत खणात टाकली. शीग लावली. पांढरा डोंगर वाटीवर उभा राहिला, एक कण इकडे, एक कण तिकडे घरंगळला, आणि त्यांना बेकायदेशीर काम करताना होतं तसं काहीतरी झालं. कुतूहल म्हणून त्यांनी ती वाटी काट्यावर ठेवली. शीग पस्तीस ग्रॅमची निघाली. एवढ्या मालावर त्यांनी लोकांना कोर्टात उभं केलं होतं.

लोणी पोच्यापर्यंत. साखर सपाट. पीठ चमच्यावरून थांबून, विचार करून, पुन्हा थांबून पडलं.

मग त्यांनी ते डब्यात ओतलं आणि रबराच्या पात्याने भांडं निपटलं. निपटणं ही त्यांची खासियत. कडा, बूड, पुन्हा कडा. काचेचं भांडं असं झालं की त्यात पीठ होतं हे शपथेवर सांगावं लागलं असतं. तरी त्यांनी ते लगेच साबणाने घासलं आणि उपडं घातलं. वापरलेलं साधन अस्वच्छ ठेवणं हाही एक दोषच.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "भांडं घासून टाकलंस लगेच?"

"हो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि फुगे फुगवायला गेल्या.

केक ओव्हनमध्ये होता तेव्हा गोटी नवा फ्रॉक घालून स्वयंपाकघरात आली. तिने ओट्यावर पाहिलं. उपडं भांडं कलतं करून आत बोट फिरवलं. खाली वाकून ओट्याखाली बघितलं, जणू तिथे तिची जागा कोणी भाड्याने दिली होती. मग निघून गेली. आईचं लक्ष घड्याळाकडे होतं.

केक फुगला आणि फुगलेलाच राहिला. तपकिरी, सपाट माथ्याचा, कडेला एक चीर, सासूबाईंच्या केकला असते त्याच जागी. चार वाजता मुलं आली, मुलांच्या आया आल्या, मेणबत्त्या विझल्या, सुरी फिरली आणि कोरडी बाहेर आली.

"हा आजींचाच ना?" एक आई म्हणाली. "आम्ही ओळखतो."

"नाही, मी केलाय," निरीक्षकबाई शक्य तितक्या सहज म्हणाल्या. दोन महिने सराव केल्यासारखं सहज.

सासूबाईंनी पूर्ण तुकडा खाल्ला. ताटलीतले कण बोटाला चिकटवून तेही खाल्ले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"झालाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठा शब्द त्या घराने ऐकला नव्हता. नवऱ्याने दुसरा तुकडा घेतला, आणि या वेळी खाऊन झाल्यावर "मस्त" म्हणाला.

आता फक्त गोटी राहिली होती. तिने घास घेतला. चावला. गिळला. बाकीचा तुकडा ताटलीच्या कडेला नीट सरकवून ठेवला, नको असलेली भाजी ठेवते तसा.

"काय झालं?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"आईचा आहे."

"कशावरून?"

"असंच."

"पण अगदी आजीसारखा आहे. आजीनेच सांगितलं तसा केलाय. बघ, आजीने सगळा खाल्ला."

गोटीने विचार केला. सात वर्षांच्या माणसाला आईला दुखवायचं नसतं, पण खोटं बोलायचाही सराव नसतो. "आजीचा ओला असतो," ती म्हणाली, आणि फुगा फुटल्याचा आवाज आला तिकडे पळाली.

निरीक्षकबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई रिकाम्या ताटल्या एकात एक घालत होत्या. त्यांचं सगळं लक्ष ताटल्यांत होतं.

मग निरीक्षकबाई स्वयंपाकघरात गेल्या, जबाबाची प्रत काढली आणि प्रश्न आठच्या समोर, समासात, बारीक अक्षरात लिहिलं : ओला हवा. दूध वाढवणे. किती, ते मोजून ठरवणे.

*

त्या वर्षी खात्याच्या नोंदवहीत एकच खाडाखोड झाली. ती शुक्रवारची आहे, तिच्याखाली निरीक्षकबाईंची आद्याक्षरं आहेत, आणि समासात 'गैरलागू' असं लिहिलेलं आहे. ती झाली तेव्हा सासूबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. खोडलेल्या रेघेखालचं अजून वाचता येतं. प्रश्न ९. भांड्याला राहिलेल्या पिठाचे काय करता?